उजेडाची कळ आणि औषधाचा रेणू

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, त्याचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की हा विषय परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांचा, त्याचा आपल्या मुलामुलींशी काय संबंध? विषय असा आहे : प्रकाश पडला की काम करू लागणारे आणि प्रकाश काढून घेतला की थांबणारे औषध. शास्त्रज्ञ या शाखेला ‘फोटोफार्माकॉलॉजी’ म्हणतात. आपण मराठीत ‘प्रकाश-औषधशास्त्र’ म्हणू. या शास्त्राचे एक टोक जगातील नामांकित प्रयोगशाळांत आहे हे खरे. परंतु त्याचे दुसरे टोक आपल्या बारावीच्या प्रयोगवहीत आहे. ते कसे, हेच मला आज सांगायचे आहे. आणि ते सांगून झाल्यावर पालकांजवळ एक मागणेही मागायचे आहे.

औषधाला पत्ता कळत नाही

आपण गुडघा दुखतो म्हणून गोळी घेतो. ती गोळी गुडघ्यात जात नाही. ती पोटात विरघळते, रक्तात उतरते आणि डोक्यापासून पायापर्यंत सर्वत्र फिरते. त्यातला थोडासा भाग गुडघ्याला पोहोचतो; बाकीचा जिथे गरज नाही तिथे जाऊन काही ना काही करीतच राहतो. म्हणून वेदना थांबवणारी गोळी पोटात जळजळ करते. कर्करोगाचे औषध गाठीतील पेशी मारते, पण त्याचबरोबर केसांच्या मुळांतील आणि आतड्याच्या अस्तरातील वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही मारते. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हे सांगायला नको.

अडचण औषधाच्या ताकदीची नाही, पत्त्याची आहे. आणि दुसरी अडचण वेळेची. गोळी एकदा गिळली की ती परत बोलावता येत नाही. शरीर तिला बाहेर टाकेल तेव्हाच तिचे काम थांबणार.

आता कल्पना करा की औषधाच्या रेणूलाच एक कळ बसवली आहे. दिव्याला असते तशी. रेणू शरीरभर फिरो, पण कळ बंद असल्यामुळे तो कुठेही काही करणार नाही. ज्या जागी डॉक्टर विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकतील, तेवढ्याच जागी कळ चालू होईल. प्रकाश काढला किंवा दुसऱ्या रंगाचा टाकला की पुन्हा बंद. यात जागाही आपल्या हाती आली आणि वेळही.

उजेडाचा उपचार नवा नाही

हे स्वप्नरंजन वाटू नये म्हणून एक रोजचे उदाहरण देतो. नवजात बाळाला कावीळ झाली तर त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आपल्यापैकी अनेक मातांनी पाहिले आहे. तो दिवा बाळाला ऊब देण्यासाठी नसतो. बाळाच्या रक्तात बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ साठलेला असतो. त्याचा रेणू असा काही घडीबंद असतो की तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून बाहेर पडत नाही. निळा प्रकाश पडला की त्या रेणूचा एक भाग फिरतो, घडी सुटते, आणि तो पित्तावाटे बाहेर जाऊ शकतो. प्रकाशाने रेणूचा आकार बदलला आणि आकार बदलल्याने त्याचे वागणे बदलले. आपल्या आजच्या विषयाचे हे बीज आहे.

हा उपचार कसा सापडला तेही ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. ऊन चांगले असले की त्या बाळांना बाहेर अंगणात नेत. एका बाळाची उघडी त्वचा फिकट झाली आहे आणि कपड्याने झाकलेली तेवढी पिवळीच राहिली आहे, हे त्यांनी पाहिले आणि डॉक्टरांना दाखवले. तेथून चौकशी सुरू झाली आणि १९५८ साली त्यावरील पहिला निबंध प्रसिद्ध झाला. आज जगभर हा उपचार चालतो. मात्र बाळाला कावीळ असेल तर घरी उन्हात ठेवून समाधान मानू नका, डॉक्टरांना दाखवा, हेही जाता जाता सांगतो.

त्याही आधी, तेराव्या शतकात, अंदलूसमध्ये जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार यांनी एका रानटी झाडाच्या बिया देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याचा, अंगावरच्या पांढऱ्या डागांवरचा उपचार नोंदवून ठेवला आहे. आपल्याकडे वैद्य आणि हकीम याच कामासाठी बावची वापरीत आले आहेत. दोन्ही वनस्पतींत सोरालेन जातीचे पदार्थ आहेत आणि ते उन्हातील अतिनील किरणांनीच जागे होतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इजिप्तमधील डॉ. अल-मोफ्ती यांनी त्यातील शुद्ध पदार्थ वेगळा घेऊन उपचार केले, आणि १९७० च्या दशकात त्याला आजचे वैद्यकीय स्वरूप आले. हा उपचारही स्वतःच्या मनाने करू नये, कातडी भाजते.

पण सोरालेनमध्ये एक उणीव आहे. प्रकाशाने ते जे करते ते उलटवता येत नाही. ती काडेपेटीतली काडी आहे; एकदा पेटली की पेटली. आपल्याला हवी आहे कळ, जी चालूही होते आणि बंदही.

डोळ्यातली कळ

अशी कळ अल्लाहतआलाने आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात बसवली आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रेटिनल नावाचा रेणू असतो. तो अ जीवनसत्त्वापासून बनतो. अंधारात तो एका ठिकाणी वाकलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो सरळ होतो, आणि त्या एका हालचालीतून मेंदूकडे संदेश जाण्यास सुरुवात होते. आपण हे वाचत आहात ते याच हालचालीमुळे. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा का येतो, तेही यावरून कळेल. या संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दृष्टी म्हणजे डोळ्यातून निघणारे किरण नव्हेत, तर वस्तूवरून येऊन डोळ्यात शिरणारा प्रकाश होय, हे सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी मांडले होते. तो प्रकाश आत शिरल्यावर काय करतो, याचे उत्तर विसाव्या शतकाने रेणूच्या भाषेत दिले.

रंगाच्या पिंपातून आलेला रेणू

माणसाने स्वतः बनवलेल्या कळींमध्ये सर्वांत जास्त वापरली जाणारी कळ म्हणजे ॲझोबेन्झीन. कार्बनच्या सहा अणूंची दोन कडी, आणि त्यांना जोडणारे दोन नायट्रोजन अणू, एकमेकांशी द्विबंधाने बांधलेले. एवढाच तो रेणू. जर्मन रसायनज्ञ मिट्शरलिख यांनी तो १८३४ साली प्रथम तयार केला. पुढे १८५८ साली पीटर ग्रीस यांनी ज्या संयुगांचा शोध लावला, त्यांतून या कुळातले रंग बनवण्याचा राजमार्ग उघडला. आज कृत्रिम रंगांमध्ये ॲझो रंगांचे कुळ सर्वांत मोठे आहे. भिवंडीच्या मागावरचे रंगीत सूत असो की मालेगावची रंगीत साडी, त्या रंगात बहुधा हाच नायट्रोजनचा जोड बसलेला असतो. आपल्या समाजातील कितीतरी घरे रंगरेजाच्या आणि विणकराच्या धंद्यात आहेत. त्यांच्या हातून हा रेणू पिढ्यान् पिढ्या गेला आहे.

या कुळाचा औषधाशीही जुना संबंध आहे. १९३५ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या लाल ॲझो रंगाचा जंतुसंसर्गावरील गुण प्रसिद्ध केला. पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वी याच औषधाने अनेकांचे प्राण वाचवले. डोमाक यांच्या स्वतःच्या मुलीचा सुई टोचून चिघळलेला हातही त्यानेच वाचला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी दाखवले की शरीरात या रंगाचा जोड तुटतो आणि त्यातून सुटलेला रंगहीन अर्धा भाग हेच खरे औषध आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

या रेणूला कळ आहे, हे मात्र त्याच्या जन्मानंतर शंभर वर्षे कोणाला नीट ठाऊक नव्हते. लंडनमध्ये जी. एस. हार्टली हे ॲझोबेन्झीनच्या द्रावणांची मोजमापे घेत होते. आकडे जुळत नव्हते. तेच द्रावण, तेच उपकरण, पण आज एक आकडा, उद्या दुसरा. त्यांनी न जुळणारा आकडा खोडला नाही. कारण शोधले, तेव्हा ते निघाले उजेड. प्रकाशात ठेवलेल्या द्रावणात काही रेणूंचा आकार बदलत होता. १९३७ साली त्यांनी तो दुसरा आकार वेगळा करून दाखवला.

हे दोन आकार असे. पहिला लांब, सपाट, काठीसारखा. त्याला ‘ट्रान्स’ म्हणतात. दुसरा कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाकडा, तो ‘सिस’. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे शब्द भौमितिक समघटकतेच्या धड्यात वाचले असतील. लांब आकारात रेणूच्या दोन टोकांकडील कार्बन अणूंमधील अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटर असते, वाकड्यात ते सुमारे ०.५५ नॅनोमीटर होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. अतिनील प्रकाशात लांब रेणू वाकतो. निळ्या प्रकाशात, किंवा अंधारात नुसता ठेवला तरी हळूहळू, तो पुन्हा सरळ होतो. आणि हे पुन्हा पुन्हा करता येते. रेणू थकत नाही.

आता औषधाचे काम आठवा. औषध आणि शरीरातील प्रथिन यांचे नाते किल्ली आणि कुलपाचे. लांब किल्ली कुलपात बसते, तीच दुमडली तर बसत नाही; किंवा याच्या उलट. औषधाच्या किल्लीत ॲझोबेन्झीनचे कोपर बसवले की किल्ली प्रकाशाने दुमडता येते.

हा रेणू बनवतात कसा?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या प्रयोगवहीकडे येतो.

पहिला मार्ग रंगरेजाचा. ॲनिलीन घ्या, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, भांडे बर्फात ठेवा. तापमान ० ते ५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखून सोडियम नायट्राइटचे थंड द्रावण थेंबाथेंबाने घाला. त्यातून डायझोनियम लवण तयार होते. बीटा-नॅफ्थॉल अल्कलीत विरघळवून त्यात ते ओता, की त्याच क्षणी नारिंगी-लाल रंग उतरतो. बारावीला सेंद्रिय संयुगाची ओळख पटवताना तुम्ही जी ‘ॲझो-डाय टेस्ट’ करता, ती हीच. बर्फ कशासाठी? डायझोनियम लवण नाजूक असते. तापले की त्यातला नायट्रोजन उडून जातो आणि हाती काळपट चिकटा उरतो. कोरडे झाले तर त्याचा स्फोटही होऊ शकतो, म्हणून ते द्रावणातच ठेवायचे. सुती कापडावर नॅफ्थॉल रंग चढवताना हीच क्रिया धाग्याच्या आत घडवून आणतात, आणि त्यासाठी बर्फ लागे म्हणून या रंगांना पूर्वी ‘बर्फाचे रंग’ असे नावच होते.

या मार्गाने रंग उत्तम मिळतो, पण कळ नेहमी चांगली मिळत नाही. कारण या क्रियेत दुसऱ्या कड्यावर हायड्रॉक्सी किंवा अमाइन गट असावाच लागतो, आणि असा गट असला की वाकवलेला रेणू बहुधा फार लवकर, कधी क्षणार्धात, परत सरळ होतो. काही कामांना ते चालते. डोळ्याच्या कामाला तर तसेच हवे. पण तासन् तास वाकून राहणारी कळ हवी असेल तर दुसरा मार्ग धरावा लागतो.

तो दुसरा मार्ग बायर आणि मिल्स यांच्या नावाने ओळखला जातो. दोन वेगवेगळी ॲनिलिने घ्यायची. एकाचे काळजीपूर्वक ऑक्सिडीकरण करून त्याच्या अमाइन गटाचा नायट्रोसो गट करायचा. द्रावणाला हिरवट झाक येते. मग त्यात ॲसेटिक आम्लात दुसरे ॲनिलीन मिसळायचे. पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोन नायट्रोजन जोडले जातात. हिरवट झाक जाऊन नारिंगी रंग येतो. या मार्गाने दोन्ही कड्यांवर आपल्याला हवे ते गट ठेवता येतात, म्हणून औषधाचे रेणू बनवताना त्याचा फार उपयोग होतो.

खरे कष्ट यापुढे सुरू होतात. भांड्यात हवा तो रेणू एकटा नसतो. उरलेला कच्चा माल आणि नको ते पदार्थही असतात. सिलिकाच्या स्तंभातून द्रावण हळूहळू उतरवून रंगाचे पट्टे वेगळे करायचे. मग तपासायचे की हाच तो रेणू का. पुढे द्रावण अंधारात ठेवून त्याने किती प्रकाश शोषला ते मोजायचे, अतिनील प्रकाश देऊन पुन्हा मोजायचे, निळा प्रकाश देऊन पुन्हा. अंधारात परत सरळ व्हायला किती वेळ लागतो त्याची घड्याळ लावून नोंद करायची. हे सर्व लाल मंद दिव्यात, बाटल्या चंदेरी कागदात गुंडाळून, कारण खिडकीतला उजेडसुद्धा मोजमाप बिघडवतो. हार्टली यांचा आकडा का जुळत नव्हता, ते आठवा.

औषध कसे झाले?

जुन्याच औषधात ही कळ बसवता येते. अनेक औषधांच्या रेणूत दोन कडी असतात आणि मधे दोन अणूंचा जोड असतो. तो जोड काढून तिथे नायट्रोजनचा जोड ठेवायचा. जर्मनीतील म्युनिक विद्यापीठात डर्क ट्राउनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुढे नेली. नेदरलँड्समधील ख्रोनिंगेनचे बेन फेरिंगा यांचे कामही या क्षेत्रात मोठे आहे. रेणूंची यंत्रे बनवल्याबद्दल २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतले ते एक. शेतकऱ्याच्या घरातले, दहा भावंडांतले दुसरे. पालकांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

उदाहरणे तीन-चारच देतो.

फेरिंगा यांच्या गटाने २०१३ साली क्विनोलोन जातीच्या प्रतिजैविकात कळ बसवली. प्रकाश दिला की ते जंतूंची वाढ रोखते आणि काही तासांत आपोआप निष्क्रिय होते. प्रतिजैविके रुग्णाच्या शरीरातून सांडपाण्यात जातात आणि तिथले जंतू त्यांना सरावतात, ही आज जगापुढची मोठी चिंता आहे. वापर संपला की स्वतःच झोपी जाणारे प्रतिजैविक हा त्यावरचा एक मार्ग होऊ शकेल.

२०१४ साली मधुमेहावरील ग्लिमेपिराइड या गोळीच्या धर्तीवर एक रेणू बनवण्यात आला. निळा प्रकाश दिला की तो स्वादुपिंडातील पेशींना इन्शुलिन सोडायला लावतो. ही जातीची गोळी आपल्या अनेक घरांत आहे, आणि रमजानच्या रोजांत तिच्यामुळे रक्तातील साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर आधी येऊन भेटा म्हणतात. हव्या त्या वेळीच चालू होणारी गोळी किती उपयोगी पडेल ते यावरून समजेल. मात्र हा रेणू आज फक्त प्रयोगशाळेत आहे. कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बदलू नये.

२०१५ साली म्युनिकच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतील एका झाडात सापडलेल्या कर्करोगविरोधी पदार्थाची प्रकाशाने चालणारी आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचा वाकडा रेणू सरळ रेणूपेक्षा पेशींना सुमारे अडीचशे पटींपर्यंत अधिक मारक ठरला.

आणि सर्वांत पुढे गेले आहे ते डोळ्याचे काम. रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाच्या आनुवंशिक रोगात डोळ्यातील प्रकाश ओळखणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, पण त्यांच्या मागच्या मज्जापेशी बराच काळ जिवंत राहतात. त्या जिवंत पेशींनाच प्रकाशाची कळ बसवायची, ही कल्पना. २०१२ साली अंध उंदरांच्या डोळ्यांना अशा रेणूने पुन्हा प्रकाशाची जाणीव आली. पहिला रेणू फार प्रखर आणि अतिनीलकडे झुकणारा प्रकाश मागत होता. पुढच्या पिढीतले रेणू साध्या दिसणाऱ्या प्रकाशात चालू लागले. २०२२ साली ऑस्ट्रेलियात त्यांतला एक रेणू मोजक्या रुग्णांच्या डोळ्यात प्रथमच टोचण्यात आला. हेतू मुख्यतः सुरक्षितता पाहण्याचा होता.

अडचणी लपवू नयेत

औषधाच्या दुकानात असे कळीचे औषध आज मिळत नाही. कोणी तसे सांगून विकू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अडचणी कोणत्या, ते सांगतो.

पहिली, प्रकाश शरीरात फार आत जात नाही. रात्री विजेरी तळहातामागे धरून पाहा. हात लालसर दिसतो. निळा-हिरवा प्रकाश रक्त आणि मांस गिळून टाकतात, लाल तेवढा थोडा पार येतो. साधे ॲझोबेन्झीन मागते अतिनील, आणि शरीर आत सोडते लाल. म्हणून कड्यांवर, नायट्रोजनच्या शेजारी, फ्लोरिन किंवा मेथॉक्सी गट बसवून कळीला हिरव्या-लाल प्रकाशाची सवय लावण्याचे काम गेली पंधराएक वर्षे चालू आहे. डोळा आणि त्वचा यांचे काम आधी पुढे गेले ते याच कारणाने. तिथे प्रकाश सहज पोहोचतो.

दुसरी, कळ पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होत नाही. अतिनील प्रकाशात साध्या ॲझोबेन्झीनचे सुमारे ८० टक्के रेणू वाकतात, बाकीचे सरळच राहतात. बंद करतानाही थोडे वाकडे मागे उरतात. म्हणून दोन आकारांच्या गुणात थोडाथोडका फरक असून भागत नाही.

तिसरी अडचण प्रॉन्टोसिलची. शरीरात ॲझो जोड तुटू शकतो आणि त्यातून ॲनिलिनासारखे पदार्थ सुटतात. प्रॉन्टोसिलमध्ये सुटलेला तुकडा औषध निघाला, हे नशीब. पण बेन्झिडिनपासून बनलेल्या काही ॲझो रंगांतून सुटणारे तुकडे मूत्राशयाचा कर्करोग करतात. त्यामुळेच १९९० च्या दशकात जर्मनीने आणि भारतानेही अशा रंगांवर बंदी घातली. रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हातमोजे आणि तोंडावरचे आवरण यांचा कंटाळा करू नये, ते याच कारणाने. औषध बनवणाऱ्याला तर आपल्या रेणूचे दोन्ही अर्धे निर्धोक आहेत की नाहीत, हे आधी सिद्ध करावे लागते.

पालकांजवळ मागणे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सगळ्या कहाणीत मोठी माणसे आली, पण मोठेपणाची सुरुवात कुठे झाली ते पाहा. एका परिचारिकेने बाळाच्या कातडीवरचा फरक पाहिला. एका रसायनज्ञाने न जुळणारा आकडा खोडला नाही.

आणि आपल्याकडे काय चालते? अकरावी-बारावीची मुले दिवसभर क्लासला जातात. प्रात्यक्षिकाचा तास हा वेळेचा अपव्यय समजला जातो. प्रयोगवही दुसऱ्याची समोर ठेवून उतरवली जाते. ‘रीडिंग’ पुस्तकातल्या उत्तरावरून उलटे हिशेब करून लिहिले जाते. मार्क मिळतात. परंतु ज्या विद्यार्थ्याने जुळवलेला आकडा लिहिला, त्याच्यासमोर हार्टलीचा शोध येऊन उभा राहिला तरी त्याला तो दिसणार नाही. हा दोष एकट्या मुलांचा नाही. क्लासची फी आपण न कुरकुरता भरतो; मात्र ‘आज प्रयोगशाळेत काय केलेस?’ असे घरी विचारणारे पालक किती?

म्हणून तीन गोष्टी मागतो.

एक, आपल्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत प्रयोगशाळेचे कपाट कुलपात राहू नये. बर्फ, परीक्षानळी, दोन-चार रसायने, चष्मा आणि हातमोजे यांना फार खर्च येत नाही. संस्थेला देणगी देताना एखादी देणगी खोल्यांच्या बांधकामाऐवजी रसायनांच्या आणि उपकरणांच्या खात्यावर द्यावी.

दोन, मुलींना प्रयोगशाळेतून लवकर बोलावू नका. बारावीला रसायनशास्त्रात चांगले गुण मिळवणारी मुलगी, महाविद्यालय लांब आहे किंवा प्रात्यक्षिक संध्याकाळी संपते एवढ्याच कारणाने दुसरीकडे वळवली जाते. रेणू शुद्ध करण्याच्या कामाला ताकद लागत नाही; धीर, स्वच्छता आणि नोंद ठेवण्याची सवय लागते. हे गुण आपल्या मुलींत कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही. चार मुली मिळून जातील-येतील अशी व्यवस्था मोहल्ल्यातील पालक एकत्र आले तर सहज होईल.

तीन, डॉक्टर किंवा इंजिनिअर यापलीकडेही रस्ता आहे हे मान्य करा. बी.एस्सी., मग एम.एस्सी. आणि पुढे संशोधन. एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा आहे, तिच्यातून आय.आय.टी.त जाता येते. नेट परीक्षेत उत्तम यश मिळवणाऱ्याला संशोधन करताना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे घरावर भार पडत नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे. तिथेच ‘आयसर’ आहे. मुंबईतील आजची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, तेव्हा तिथल्या पहिल्या विषयांत कापडाचे रसायनशास्त्र होते. रंगरेजाच्या मुलाला ते दार परके नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. पुढच्या वेळी ॲझो-डाय टेस्ट कराल तेव्हा नळीत उतरलेल्या नारिंगी रंगाकडे थोडे थांबून पाहा. बर्फ विसरलात आणि रंग काळपट आला, तर वहीत काळपट असेच लिहा, आणि का आला ते शोधा. शिक्षक रागावले तर माझे नाव सांगा.

इल्म मिळवणे हे आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांचेही कर्तव्य मानले आहे. मला वाटते, डोळ्यांनी पाहिलेले जसेच्या तसे लिहिणे ही त्या इल्मची पहिली पायरी होय. ती चढण्यासाठी मोठे विद्यापीठ लागत नाही.